एका आडनावाचा प्रवास : डोणगावकर
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



संस्था पन्नास वर्षांची होते तेव्हा जुनी दप्तरे उघडली जातात. देणगीदारांच्या याद्या, पूजेच्या बोलीच्या वह्या, मंदिराच्या भिंतीवरील संगमरवरी फलक पुन्हा वाचले जातात. त्या याद्यांमध्ये काही आडनावे पानापानावर भेटतात. कोठारी, संचेती, कासलीवाल, पाटणी ही नावे वऱ्हाडात कोणत्याही गावच्या जिनमंदिरात वा स्थानकात वाचायला मिळतील. काही आडनावे मात्र संपूर्ण वहीत एकदाच येतात. ती कोठून आली, त्यांचा अर्थ काय, आणि ती इतकी विरळ का, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय अशाच एका आडनावाचा आहे. ते आडनाव म्हणजे ‘डोणगावकर’.

हे नाव निवडण्याचे कारण असे की, त्याचे मूळ आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे आणि त्याचा विस्तार मात्र जिल्ह्याबाहेर आहे. मेहकर तालुक्यातील डोणगाव कोणाला ठाऊक नाही? जालन्याकडून सिंदखेडराजा, सुलतानपूर, मेहकर असा येणारा जुना नागपूर रस्ता डोणगाववरून पुढे मालेगाव, शेलूबाजार आणि कारंजाकडे जातो. शिरपूरच्या श्री अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला निघालेला मेहकर भागातील श्रावक याच वाटेने मालेगाव गाठतो. याच रस्त्यावरच्या कारंजा परिसरातील बघेरवाल दिगंबर जैन समाजात ‘डोणगावकर’ हे आडनाव आढळते. एका टोकाला गाव आणि दुसऱ्या टोकाला आडनाव, आणि दोहोंना जोडणारी ही वाट, असे हे चित्र आहे.

शब्दाचा अर्थ

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘डोणगावकर’ या नावाचे तीन अवयव आहेत : डोण, गाव आणि कर. ‘गाव’ हा ग्राम शब्दापासून आला हे सर्वांस माहीत आहे. ‘कर’ हा प्रत्यय मराठीत गावाच्या नावाला लागतो आणि त्या गावचा रहिवासी किंवा तेथून आलेला मनुष्य दर्शवितो. उरला ‘डोण’.

संस्कृतात ‘द्रोण’ म्हणजे लाकडाची कोरलेली कोटंबी, पाण्याचे पसरट पात्र. धान्य मोजण्याच्या एका मापासही द्रोण म्हणत. प्राकृतात त्याचे ‘दोण’ झाले आणि मराठीत ‘डोण’. गुरांना पाणी पाजण्याची दगडी वा लाकडी कुंडी म्हणजे डोण, आणि त्याच घराण्यातला ‘डोणी’ म्हणजे होडी हा शब्द. पंगतीत पत्रावळीशेजारी आमटीसाठी जो पानांचा द्रोण मांडतात, तोही मूळचा हाच शब्द. फरक एवढाच की तो संस्कृत रूपात टिकला आणि गुरांच्या कुंडीने प्राकृत वळण घेतले. काळ्या पाषाणाच्या या प्रदेशात दगडी डोण ही गावागावांत दिसणारी वस्तू. त्यामुळे या नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक असावीत हे स्वाभाविकच आहे.

जैन वाचकाला या शब्दात आणखी एक ओळख सापडेल. आगमांमध्ये वस्त्यांचे प्रकार सांगताना ग्राम, आकर, नगर, खेट, कर्वट, मडंब, द्रोणमुख, पत्तन अशी नामावळी येते. उत्तराध्ययनसूत्राच्या तिसाव्या अध्ययनात ऊनोदरी तपाच्या संदर्भात, साधूने भिक्षेच्या क्षेत्राची मर्यादा कशी घालावी हे सांगताना, हीच नामावळी आली आहे. जेथे जलमार्ग आणि स्थलमार्ग दोन्हींनी जाता येते ते द्रोणमुख, असे टीकाकार सांगतात आणि भरुकच्छ म्हणजे भडोच व ताम्रलिप्ती ही त्याची उदाहरणे देतात. आपले डोणगाव काही बंदर नव्हे. परंतु ‘द्रोण’ शब्दाचा वस्तीच्या नावाशी असलेला संबंध किती जुना आहे हे यावरून ध्यानात येते. सिंदखेडराजा या नावातील ‘खेड’ही त्याच नामावळीतील ‘खेट’ होय. आपल्या जिल्ह्याच्या नकाशावर आगमांची शब्दसंपदा अशी विखुरलेली आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. इंग्रजी अक्षरांत हे आडनाव लिहिले की ‘ड’ आणि ‘द’ यांतला, ‘ण’ आणि ‘न’ यांतला भेद नाहीसा होतो. मग कोणी ते ‘दोनगावकर’ वाचतो आणि दोन गावे असलेला असा अर्थ लावतो. कोणी ‘डोंगावकर’ म्हणतो. मराठीतही डोणगावकर, डोणगांवकर, डोनगावकर अशी लेखनभिन्नता दिसते. अर्थाचा शोध घ्यायचा तर मूळ उच्चारापासूनच प्रारंभ करावा लागतो. दुसरे उदाहरण मेहकरचेच घ्या. त्या गावाच्या नावाच्या शेवटी ‘कर’ आहे, म्हणून ते आडनावासारखे दिसते. परंतु तो प्रत्यय नव्हे. मेघंकर नावाच्या असुराचा शार्ङ्गधराने वध केला, त्यावरून मेहकर, अशी तेथील परंपरा आहे. नावाचे बाह्यरूप फसवे असते, ते असे.

एकाच नावात दोन प्रवास

जैन समाजातील बहुतेक ज्ञातींची नावे गावांवरून पडली आहेत. ओसियाँवरून ओसवाल, खंडेल्यावरून खंडेलवाल, आणि राजस्थानात केकडीजवळ असलेल्या बघेरा गावावरून बघेरवाल. खंडेलवालांची कित्येक गोत्रनामेही तशीच आहेत. कासली गावावरून कासलीवाल हे त्याचे उत्तम उदाहरण. राजस्थानी भाषेतील ‘वाल’ जे काम करतो, तेच काम मराठीत ‘कर’ करतो. म्हणून कारंजाचा एखादा गृहस्थ स्वतःला ‘बघेरवाल’ आणि ‘डोणगावकर’ म्हणवितो, तेव्हा तो नकळत दोन स्थलांतरे सांगत असतो. पहिले बघेऱ्याहून निघाल्याचे आणि दुसरे डोणगावहून निघाल्याचे. पहिल्या प्रवासाची भाषा राजस्थानी, दुसऱ्याची मराठी.

बघेरवालांचा पूर्वेतिहास उज्ज्वल आहे. धर्मामृताचे कर्ते पंडितप्रवर आशाधर याच वंशातले. आपल्या प्रशस्तीत त्यांनी वंशाचे नाव ‘व्याघ्रेरवाल’ असे दिले आहे. सपादलक्ष देशातील मांडलगड हे त्यांचे मूळ स्थान. शहाबुद्दीन घोरीच्या आक्रमणामुळे तो प्रदेश सोडून ते माळव्यात धारानगरीस आले आणि पुढे नालछा येथे राहून त्यांनी ग्रंथरचना केली. अनगारधर्मामृताची टीका त्यांनी विक्रम संवत १३०० मध्ये पूर्ण केली. पिता सल्लक्षण, माता रत्नी, पत्नी सरस्वती, पुत्र छाहड अशी नावे त्यांनी आवर्जून नोंदविली आहेत. चितोडगडावरील भगवान आदिनाथांचा सुमारे २२ मीटर उंचीचा कीर्तिस्तंभही बघेरवाल वंशातील साह जीजा यांच्या धर्मनिष्ठेची साक्ष देत उभा आहे.

या दोन्ही ठिकाणी वंश आहे, पित्याचे नाव आहे. परंतु आजच्या अर्थाचे आडनाव नाही. हीच गोष्ट वऱ्हाड-नागपूर भागातील जिनप्रतिमांच्या पादपीठावरील लेखांत दिसते. डॉ. विद्याधर जोहरापुरकर यांचा ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ १९५८ साली सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रसिद्ध केला. त्यात असे अनेक लेख एकत्र आले आहेत. लेखात प्रथम संवत आणि तिथी, नंतर संघ, गण, गच्छ, भट्टारकांची परंपरा, त्यानंतर प्रतिष्ठा करविणाऱ्याची ज्ञाती, गोत्र आणि कुटुंबीयांची नावे, असा साधारण क्रम असतो. श्रावकाची ओळख त्या काळी ज्ञाती आणि गोत्र यांनी होत असे. गाव हे आडनाव म्हणून कायम होणे ही त्यानंतरची घडामोड आहे. इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी झाली, शाळेचे दाखले आणि कोर्टाचे दस्तऐवज आले, आणि तेथे प्रत्येकाला कायमचे एक आडनाव द्यावे लागले. बोलण्यातले ‘डोणगावचे’ तेव्हा कागदावर ‘डोणगावकर’ म्हणून स्थिर झाले.

एवढ्याशा समाजातही आडनावे किती वाटांनी तयार झाली हे पाहण्यासारखे आहे. कारंजाचे ‘चवरे’ हे चवरिया गोत्राचे मराठी रूप. म्हणजे गोत्रच आडनाव झाले. कारंजा जैन ग्रंथमालेला ‘अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला’ हे नाव होते. तिच्यातून डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये आणि डॉ. हीरालाल जैन यांनी संपादिलेले ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये प्रकाशित झाले, आणि एका वऱ्हाडी आडनावाला देशोदेशींच्या प्राकृत पंडितांच्या ग्रंथालयात स्थान मिळाले. दुसरी वाट कर्तृत्वाची. यात्रासंघ काढणारा तो संघवी. सतराव्या शतकात शीलविजय मुनींनी आपल्या तीर्थमालेत कारंजाच्या भोज संघवींच्या वैभवाचे वर्णन केले आहे. कोठारी, भंडारी ही नावे अशीच कामावरून आली. तिसरी वाट गावाची : जोहरापुरकर, जिंतूरकर आणि आपले डोणगावकर.

नाव विरळ का?

आता संख्येचा विचार. गावावरून पडलेल्या आडनावाचा एक चमत्कारिक नियम आहे. ते नाव प्रत्यक्ष त्या गावात सहसा नसते. डोणगावात राहणाऱ्याला कोणी डोणगावकर म्हणणार नाही, कारण तेथे सर्वच डोणगावचे. माणूस गाव सोडतो तेव्हा गाव त्याच्या नावात येऊन बसते. म्हणून अशा आडनावांची संख्या गावाच्या लोकसंख्येवर अवलंबून नसते, तर तेथून किती कुटुंबे बाहेर पडली आणि त्यांपैकी किती जणांनी गावाचे नाव धारण केले यावर असते. एकाच घरातला एक भाऊ गावाचे नाव लावी, दुसरा गोत्राचे किंवा धंद्याचे. त्यामुळे एक कुळ अनेक आडनावांत विभागले जाई आणि प्रत्येक आडनाव आणखी विरळ होई.

उलटपक्षी, एकाच आडनावात अनेक कुळे एकत्र येतात. डोणगाव नावाचे गाव जसे मेहकर तालुक्यात आहे तसेच ते छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गंगापूर तालुक्यातही आहे. सोलापूरजवळही एक डोणगाव आहे. १९८४ च्या निवडणुकीत औरंगाबाद मतदारसंघातून लोकसभेवर गेलेले साहेबराव पाटील डोणगावकर हे मराठवाड्यातले. तेथे ‘पाटील’ हे वतन आणि ‘डोणगावकर’ हे गाव. त्यांचा आणि कारंजाच्या जैन डोणगावकरांचा ज्ञातिसंबंध नाही. संबंध आहे तो केवळ शब्दाचा. देऊळगाव, चिखली, मलकापूर, जळगाव, पिंपळगाव या नावांची गावे तर कितीतरी जिल्ह्यांत आहेत. म्हणून मतदारयादीतील सारखी आडनावे मोजून समाजाची संख्या ठरविता येत नाही. कारंजाच्या डोणगावकरांच्या बाबतीत मेहकरजवळचे डोणगाव हेच मूळ मानणे सयुक्तिक ठरते, कारण ते त्याच रस्त्यावरचे आणि सर्वांत जवळचे आहे. अंतर आणि रस्ता हे अशा शोधातले मोठे साक्षीदार असतात.

नाव लोपते तेव्हा

विरळ आडनावांचे पुढे काय होते, हा प्रश्न इंग्लंडमध्येही विचारला गेला होता. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ मध्ये तो गणिताच्या रूपात मांडला आणि १८७४ मध्ये वॉटसन नावाच्या धर्मोपदेशक गणितज्ञासमवेत त्यावर निबंध प्रसिद्ध केला. प्रत्येक पिढीत काही पुरुषांना मुलगे होतात, काहींना होत नाहीत; तर काळाच्या ओघात किती आडनावे नष्ट होतील? वॉटसन यांचे उत्तर असे आले की, सर्वच नष्ट होतील. ते चुकीचे होते आणि विसाव्या शतकात दुरुस्त झाले. बरोबर उत्तर असे : दर पुरुषामागे मुलग्यांची सरासरी एकाहून अधिक असेल तर काही नावे टिकतात, ती एक किंवा त्याहून कमी असेल तर आज ना उद्या प्रत्येक नाव लोपते. आणि ज्या नावाची घरे थोडी, ते आधी लोपते.

हे गणित आपल्या समाजाला लावून पाहू. २००१ च्या जनगणनेत भारतात ४२,२५,०५३ जैन होते. २०११ मध्ये ४४,५१,७५३. दहा वर्षांतील वाढ सुमारे ५.४ टक्के, तर देशाची वाढ १७.७ टक्के. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जैन समाजाचा जननदर १.६ आला. त्यात निम्मे मुलगे धरले तर सरासरी ०.८ होते. एकाहून कमी! म्हणजे कासलीवाल किंवा कोठारी यांना आज चिंता नसेल. पण ज्या आडनावाची घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, ते आडनाव दोन-तीन पिढ्यांत इतिहासजमा होऊ शकते. कोणत्याही घरी दोन गुणी कन्या असतील, तर त्यात उणे काय आहे? उणे काहीच नाही. तथापि नावाची गती काय होणार, हे समजून घ्यावे लागते.

पूर्वी या प्रश्नाला आपल्या समाजाने एक उत्तर दिले होते, ते म्हणजे दत्तक. जैन परंपरेत दत्तकविधान पिंडदानासाठी नव्हते, कारण पिंडदान ही कल्पनाच जैनांना मान्य नाही. घर, पेढी, मंदिराची सेवा आणि नाव पुढे चालावे, हा हेतू. शिवसिंगराय विरुद्ध दाखो या १८७८ च्या प्रसिद्ध खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने जैनांचा हा वेगळा रिवाज मान्य केला. पुत्रहीन जैन विधवेला पतीच्या किंवा सपिंडांच्या संमतीवाचून दत्तक घेता येतो आणि मुलीचा मुलगाही दत्तक घेता येतो, हे त्यात स्वीकारले गेले. दौहित्राने आजोबांचे नाव चालविणे ही आपल्याकडची नवी कल्पना नव्हे. न्यायालयाने मान्य केलेली जुनी रीत आहे. १९५६ पासून दत्तकाचा कायदा हिंदूंसह जैनांनाही लागू झाला. पुढे महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नावही लिहिणे अनिवार्य केले. नावात मातृपक्षाला स्थान मिळण्याचा मार्ग अशा रीतीने रुंद होत आहे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. आडनाव पक्के झाले आणि गोत्र विस्मरणात गेले. आज कित्येक तरुण-तरुणींना आपले आडनाव ठाऊक असते, गोत्र विचारले तर आजीकडे पाहावे लागते. विवाहसंबंध जुळविताना मग गोंधळ होतो. आडनाव एक म्हणून स्थळ नाकारले जाते आणि गोत्रे मात्र भिन्न असतात. किंवा आडनावे भिन्न म्हणून निश्चिंत राहावे, तर गोत्र एकच निघते. गावावरून पडलेले आडनाव गोत्राची जागा घेऊ शकत नाही. ते सांगते, ‘आम्ही तेथून आलो.’ आम्ही कोणाचे, हे ते सांगत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे अनेक कुटुंबे मुलांच्या शाळेत मूळ आडनाव सोडून केवळ ‘जैन’ असे लिहू लागली आहेत. त्यामागची भावना आदरणीय आहे. धर्माचा अभिमान आहे, आणि जनगणनेत आपली संख्या कमी दिसू नये अशी इच्छाही आहे. परंतु जनगणनेत धर्माची नोंद स्वतंत्र रकान्यात होते. तेथे ‘जैन’ असे स्पष्ट सांगितले की पुरे, त्यासाठी आडनाव टाकण्याची गरज नाही. जैन समाजाला जानेवारी २०१४ मध्ये मिळालेला राष्ट्रीय अल्पसंख्याक दर्जाही धर्माला आहे, आडनावाला नाही. नाव बदलावे की ठेवावे हा ज्या त्या कुटुंबाचा अधिकार. परंतु बदलण्यापूर्वी जुने नाव, गोत्र आणि गाव कोठेतरी लिहून ठेवावे एवढी अपेक्षा अवाजवी ठरणार नाही.

एक पान प्रत्येक घराचे

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेने एक वही घालावी, अशी विनंती येथे करणे उचित होईल. प्रत्येक कुटुंबाला तीत एक पान असावे. त्या पानावर पाच गोष्टी असाव्यात : आडनाव, त्याची मराठी आणि इंग्रजी लेखनाची सर्व रूपे, ज्ञाती आणि गोत्र, मूळ गाव, तालुका व जिल्ह्यासह, या गावी प्रथम आलेल्या पूर्वजाचे नाव, आणि विवाहानंतर अन्य घरी गेलेल्या कन्यांची व त्यांच्या अपत्यांची नावे. शेवटची नोंद विशेष महत्त्वाची. वंशावळीत कन्येच्या नावापाशी रेघ थांबते, म्हणून नाव लोपले असे वाटते. वस्तुतः कुळ पुढे चाललेले असते.

ही माहिती घरातच आहे. आजोबांच्या शाळेचा दाखला, जुने खरेदीखत, देव्हाऱ्यातील लहानशा धातुमूर्तीच्या पाठीवरील अक्षरे, हस्तलिखित पोथीच्या अखेरचा लेखक-उल्लेख, लग्नाच्या जुन्या पत्रिका ही सर्व साधने आहेत. मूर्ती घासताना अक्षरे झिजतात, म्हणून प्रथम लेखाचे छायाचित्र घ्यावे. आणि घरातील वयोवृद्ध मंडळींना आजच विचारावे; त्यांच्या स्मरणातील नोंद दुसऱ्या कोणत्याही वहीत नाही.

भगवंतांनी अपरिग्रहाचा उपदेश केला. नावाची आसक्तीही परिग्रहच, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु पंडित आशाधरांनी ग्रंथाच्या अखेरीस माता, पिता, पत्नी आणि पुत्र यांची नावे लिहिली, ती आसक्तीने नव्हे, कृतज्ञतेने. आपला देश सुटला, नगर सुटले, तरी कोठून आलो हे त्यांनी विसरू दिले नाही. म्हणूनच बघेऱ्याचे नाव आठ शतकांनंतर आपण येथे उच्चारू शकलो. डोणगावकर हे लहानसे आडनावही तेच काम करीत आहे. मेहकर-मालेगाव रस्त्यावरच्या एका गावाची आठवण ते पिढ्यान्‌पिढ्या वाहत आले आहे. यापुढे डोणगाववरून जाताना त्या पाटीकडे क्षणभर पाहावे, आणि घरी परतल्यावर आपल्या स्वतःच्या आडनावाचे पान लिहावयास घ्यावे.

जय जिनेंद्र!